फेकलेला हातमोजा आणि पुरलेली कुऱ्हाड : भांडण व समेटाच्या इंग्रजी वाक्प्रचारांची पार्श्वभूमी

इंग्रजी शिकताना 'थ्रो डाउन द गाँटलेट' म्हणजे आव्हान देणे, 'ऑलिव्ह ब्रँच' पुढे करणे म्हणजे समेटाची तयारी दाखवणे आणि 'बरी द हॅचेट' म्हणजे वैर मिटवणे, असे अर्थ आपण पाठ करतो. हे शब्दप्रयोग आज अलंकारिक वाटतात, परंतु त्यांच्यामागे साक्षीदारांसमोर प्रत्यक्ष केलेल्या आणि करणाऱ्याला बांधून ठेवणाऱ्या कृती आहेत. त्यांतली आव्हानाची कृती इंग्लंडच्या सरदारांची व न्यायालयांची होती. समेटाची सर्वांत परिचित कृती मात्र इंग्रजांनी ज्यांच्या भूमीवर वसाहती उभारल्या, त्या उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची होती.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये द्वंद्व हा न्यायनिवाड्याचा मान्य मार्ग होता. आरोपी हातमोजा जमिनीवर फेकून लढण्याची तयारी जाहीर करी आणि प्रतिपक्षाने तो उचलला की आव्हान स्वीकारले गेले असे समजत. ही प्रथा कालबाह्य झाली होती, तरी कायद्यातून ती कोणी काढून टाकली नव्हती. १८१७ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅमजवळ मेरी ॲशफर्ड या तरुणीचा मृतदेह पाण्याने भरलेल्या खड्ड्यात सापडला. अब्राहम थॉर्नटन याच्यावर खटला चालला आणि ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. त्यावर मेरीचा भाऊ विल्यम याने एका जुन्या तरतुदीचा आधार घेऊन खुनाची फिर्याद नव्याने दाखल केली, तेव्हा थॉर्नटनने वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयात, आपण निर्दोष असून देहानिशी ते सिद्ध करण्यास तयार आहोत असे सांगत, खरोखरच हातमोजा खाली फेकला. १८१८ मध्ये न्यायाधीशांना मान्य करावे लागले की द्वंद्वाचा हक्क कायद्याने अजून शाबूत आहे. विल्यम लढायला उतरला नाही, थॉर्नटन सुटला आणि १८१९ मध्ये संसदेने हा हक्क रद्द केला. भावाला न्याय मिळाला नाही ही या प्रकरणातील खरी वेदना आहे, आणि बळाला पुरावा मानणारी प्रथा नाहीशी होण्यास इतका उशीर लागला हे मला आजही धक्कादायक वाटते. राज्याभिषेकाच्या मेजवानीत राजाच्या वतीने घोड्यावरून येऊन हातमोजा फेकण्याचा मान डिमोक घराण्याकडे होता. तो समारंभही १८२१ मध्ये चौथ्या जॉर्जच्या राज्याभिषेकानंतर पुन्हा झाला नाही.

समेटाच्या शब्दप्रयोगांपैकी ऑलिव्हची फांदी भूमध्य सागराच्या परिसरातून आणि महापुरानंतर नोहाकडे ऑलिव्हचे पान घेऊन येणाऱ्या कबुतराच्या बायबलमधील कथेतून इंग्रजीत आली. खवळलेल्या पाण्यावर तेल ओतण्याची, म्हणजे भांडण शमवण्याची, कल्पनाही जुनी आहे. बीड या धर्मोपदेशकाने इ. स. ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासात, संत एडन यांनी दिलेले तेल ओतताच समुद्र शांत झाल्याची कथा येते. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपम येथील तळ्यात चमचाभर तेल टाकून लाटा शमतात हे पडताळून पाहिले व १७७४ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी, जुलै १७७५ मध्ये, अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधींनी तिसऱ्या जॉर्जकडे पाठवलेल्या 'ऑलिव्ह ब्रँच' नावाने ओळखल्या जाणाऱ्या अर्जावर फ्रँकलिन यांचीही सही होती. राजाने तो अर्ज स्वीकारला नाही आणि ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर असल्याचे जाहीर केले.

कुऱ्हाड पुरण्याचा इतिहास याहून अधिक सविस्तर पाहण्याजोगा आहे. आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या प्रदेशातील मोहॉक, ओनायडा, ऑनंडागा, कायुगा आणि सेनेका या पाच राष्ट्रांनी आपापसांतील रक्तपात थांबवून होडेनोशोनी हा संघ स्थापन केला. त्यांच्या मौखिक परंपरेनुसार शांतिदूताने पांढऱ्या पाइनचा एक वृक्ष उपटला, सर्वांची शस्त्रे त्याखाली टाकली आणि वृक्ष पुन्हा तेथेच रोवला. इंग्रजांशी झालेल्या करारांतही ही प्रथा दिसते. बोस्टनचे सॅम्युएल स्यूअल यांनी १६८० मध्ये नोंदवले आहे की अशा एका करारप्रसंगी दोन कुऱ्हाडी, एक इंग्रजांची व एक मूळ रहिवाशांची, जमिनीत पुरल्या गेल्या, आणि मूळ रहिवाशांच्या दृष्टीने हा विधी तहाच्या सर्व लेखी कलमांपेक्षा अधिक बंधनकारक होता. म्हणजे ज्या समाजाला लेखनपरंपरा नसल्याबद्दल युरोपीय लोक हिणवत, त्याच्याकडे वचन पाळण्याची स्वतःची भक्कम पद्धत होती.

२५ जून १७६१ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स येथे ब्रिटिश अधिकारी जोनाथन बेल्चर आणि तेथील मूळ रहिवासी असलेल्या मिग्मॉ लोकांचे प्रमुख यांच्यात असाच समारंभ होऊन कुऱ्हाड पुरली गेली. १७६० व १७६१ च्या या तहांनी मिग्मॉ लोकांना दिलेले हक्क प्रत्यक्षात दीर्घकाळ डावलले गेले. १९९३ मध्ये डोनाल्ड मार्शल या मिग्मॉ मच्छीमाराने परवान्याशिवाय ४६३ पौंड वाम मासे पकडून विकले म्हणून त्याच्यावर खटला भरण्यात आला. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने याच तहांच्या आधारे त्याला निर्दोष ठरवून, माफक उपजीविकेपुरती मासेमारी करून मासे विकण्याचा मिग्मॉ लोकांचा हक्क मान्य केला. मात्र नोव्हेंबरमध्ये, मत्स्यसंपदा टिकवण्यासाठी सरकार या हक्काचे नियमन करू शकते, असेही स्पष्ट केले. 'माफक उपजीविका' म्हणजे किती, यावर मतभेद कायम राहिले. २०२० मध्ये सिपेक्नेकाटिक या मिग्मॉ समुदायाने याच हक्काने शेवंडांची मासेमारी सुरू केली, तेव्हा हॅलिफॅक्स ज्यात येते त्या नोव्हा स्कोशिया प्रांतात बिगर-मिग्मॉ मच्छीमारांशी संघर्ष पेटला आणि ऑक्टोबरमध्ये शेवंडांच्या साठवणुकीची एक इमारत जाळण्यात आली.