कॉफीची साठवण (ठाणे आणि नवी मुंबईच्या हवेत)

कॉफीची साठवण म्हणजे कॉफीच्या बिया, दळलेली पावडर किंवा इन्स्टंट कॉफी चव आणि वास न घालवता महिनोन्महिने टिकवणं. कॉफी बिघडवणाऱ्या गोष्टी चार, हवेतला ऑक्सिजन, ओल, उष्णता आणि उजेड, पण ठाणे, वाशी, नेरुळ, उरण या खाडीकाठच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर ओलीपुढे बाकीच्या तिघांचं काही चालत नाही.

आपल्याकडे आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागायच्या, आधी मसाला, सुकट, पापड अशी वर्षाची बेगमी करायची पद्धत आहे आणि त्याच हिशोबाने बरेच जण दोन किलो कॉफी पावडर पण भरून ठेवतात, तर ते अजिबात करू नये. मसाला कडक उन्हात वाळवून बरणीत हिंगाचे खडे टाकले की वर्ष निघतं, कॉफीला ऊन दाखवलं तर तिचा वासच उडून जातो आणि हिंगाचा वास मात्र ती लगेच ओढून घेते.

बिघडण्याचे प्रकार दोन. एक सादळणं, हे डोळ्यांना दिसतं: जुलैत डबा उघडला की चमचा पावडरीत जायच्या ऐवजी टक्कन आपटतो, कडेने तपकिरी गाठी धरलेल्या असतात. फिल्टर कॉफीत चिकोरी (एका झाडाच्या मुळाची भाजून केलेली पूड) असेल तर हे अजून लवकर होतं कारण चिकोरी पाणी पटकन ओढते, आणि भारतातल्या अन्नाच्या नियमांप्रमाणे मिश्रणात 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, म्हणून पाकिटावरचं प्रमाण वाचून घ्या. दुसरा प्रकार शिळं होणं, तो दिसत नाही. पावडर कोरडी, मोकळी दिसते पण ऑक्सिजनमुळे तिच्यातलं तेल खवट होतं आणि वास निघून जातो. अख्खी भाजलेली बी उघडल्यावर तीन-चार आठवडे बरी राहते, दळली की हवेला लागणारा भाग खूप वाढतो आणि तीच कॉफी काही दिवसांत उतरते.

न भाजलेली हिरवी बी सगळ्यात टिकाऊ. ती साधारण 10 ते 12 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवतात आणि नीट ठेवली तर सहा महिने ते वर्षभर चांगली राहते, ओलावा वाढला की बुरशी. गंमत म्हणजे कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावर हाच पावसाळा मुद्दाम वापरतात. मान्सून्ड मलबार नावाच्या कॉफीच्या बिया उघड्या गोदामात पसरून दमट वारा लागू देतात, त्या फुगतात, फिकट होतात, आंबटपणा कमी होतो. पण तिथे माणसं रोज बिया उलथतात, पोती हलवतात. फ्लॅटच्या माळ्यावर ठेवलेल्या पोत्याला नुसता कुबट वास लागतो.

भाजल्यावर बीतून कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो म्हणून चांगल्या पाकिटाला एकेरी झडप असते, गॅस बाहेर जातो आणि हवा आत येत नाही. असं पाकीट फोडेपर्यंत तसंच ठेवावं, उगाच शोभेच्या काचेच्या बरणीत ओतू नये. साधा स्टीलचा डबा तर कॉफीसाठी नकोच, त्याचं झाकण हवाबंद नसतं.

खरंच महिनोन्महिने ठेवायची असेल तर फ्रीझर, खालचा फ्रिज नाही. खाली ओल असते आणि कालच्या माशाच्या कालवणाचा वास पण. बिया आधी आठवड्या-आठवड्याच्या छोट्या पुड्यांत वाटायच्या, हवा दाबून काढायची, घट्ट बंद करायच्या, तारीख लिहायची, मगच आत. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बाहेर काढल्यावर. गार पुडी ओट्यावर ठेवली की दोन मिनिटांत तिला पाण्याच्या बाटलीसारखा घाम सुटतो, आणि तेव्हाच ती उघडली तर तेच पाणी थेट बियांवर बसतं. म्हणून रात्री काढून न उघडता ठेवायची, सकाळी घाम पुसून मग कापायची, आणि एकदा उघडलेली पुडी परत फ्रीझरमध्ये टाकायची नाही.

इन्स्टंट कॉफी सीलबंद असेल तर वर्षभराहून जास्त टिकते. सील फोडल्यावर मात्र चमचा कोरडाच हवा, आणि उकळत्या दुधाच्या पातेल्यावर बाटली धरून पावडर टाकायची सवय सोडा, वाफ सरळ आत शिरते.

ज्यांच्या घरी दळायचं यंत्र नाही त्यांनी साठवणीच्या फंदात न पडता, समोर दळून देणाऱ्या दुकानातून पंधरा दिवसांपुरती पाव किलो आणावी, पावसाळ्यात त्याहूनही कमी.