पाऊस जास्त म्हणजे जंगलाचं बाष्पही जास्त?

समज असा: पाऊस वाढला की उत्तरेकडची सूचिपर्णी जंगलंही त्याच प्रमाणात जास्त पाणी हवेत सोडतात.

ऐकायला पटतं. पण फिनलंड, स्वीडनसारख्या ओल्या भागांत घोडं अडतं ते पाण्यापाशी नाही, ऊर्जेपाशी. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४५ मेगाज्यूल लागतात. पावसाळी उन्हाळा म्हणजे ढग, कमी ऊन, दमट हवा. मुळाशी ओल असूनही बाष्प घटू शकतं. भिजलेल्या फांद्यांवरचं पाणी झटकन उडतं, त्याने थोडी भरपाई होते, इतकंच. उलट कोरड्या वर्षी हवा पाणी ओढते, तेव्हा पाइन-स्प्रूससारखी सूचिपर्णी झाडं पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रं, आवळून घेतात. त्यामुळे बाष्पाचा वार्षिक आकडा पावसाच्या मानाने कमी हलतो. जादा पाणी बहुतांशी नदीला मिळतं.

पडताळायचंय? नदीने वर्षभरात वाहून नेलेलं पाणी पाणलोटाच्या क्षेत्रफळाने भागा, मिलिमीटरमध्ये आणा आणि पाऊस-हिमाच्या एकूण आकड्यातून वजा करा; उरेल ते बाष्प. वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर धरा. जानेवारीपासून धरलंत, तर डिसेंबरचं हिम पुढच्या वर्षी वितळतं आणि हिशेब फसतो.

पश्चिम कॅनडात गवताळ प्रदेशालगतच्या ॲस्पेन या पानझडी झाडाच्या जंगलांत मात्र पाणीच कमी पडतं. तिथे हा समज बराचसा खरा.