75 फुटांचा दावा आणि त्यामागची मोजमापं

2012 मध्ये हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीने नर्फ या, फोमचे छोटे डार्ट उडवणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांची ‘एलिट’ मालिका बाजारात आणली, तेव्हा खोक्यावर एक आकडा सगळ्यात ठळक होता: 75 फूट. त्याआधीच्या एन-स्ट्राइक बंदुकांचा डार्ट तीस-पस्तीस फुटांवर मान टाकायचा. त्यामुळे दुपटीहून मोठा हा आकडा बघून लोकांनी लगेच टेप काढली. बंदूक जमिनीला समांतर धरली की डार्ट पंचाहत्तरच्या बराच अलीकडे पडायचा, आणि नळी चांगली वर उचलली की आकड्याच्या आसपास पोचायचा. कंपनी सरळसरळ खोटं बोलत होती असं नाही. नळी कोणत्या कोनात धरायची, तेवढंच खोक्यावर नव्हतं.

फोम डार्टच्या बंदुकांची तुलना करताना आज क्रोनोग्राफ (वेग मोजणारं यंत्र), फूट प्रति सेकंद, कागदावर पडलेल्या डार्टांचा घोळका वगैरे जे दिसतं, ते बहुतांशी असल्याच वादातून आलं. मुळात हे खेळणं मोजण्यासाठी नव्हतंच. 1969 मध्ये अमेरिकेत रेन गायर (‘ट्विस्टर’ हा खेळही त्यांचाच) आदिमानवांवरचा एक खेळ तयार करत होते. त्यातले दगड फोमचे होते, आणि खेळापेक्षा ते दगड एकमेकांवर फेकण्यातच मजा येते हे लवकरच कळलं. पार्कर ब्रदर्स या खेळांच्या कंपनीने बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त चार इंचांचा फोमचा चेंडू उचलला आणि 1970 मध्ये ‘नर्फ’ या नावाने विकायला काढला. जाहिरातीचा रोख असा, की घरात खुशाल फेका, दिवा फुटणार नाही, खिडकी फुटणार नाही, लहान बाळाला किंवा म्हाताऱ्या माणसाला लागणार नाही. न लागणं हाच मालाचा गुण होता. पुढे त्याच नावाच्या खेळण्यांचा मार किती जोरात बसतो हे लोक यंत्र लावून मोजतील, असं तेव्हा कुणाच्या डोक्यात असणं शक्य नव्हतं.

फोमचे गोळे उडवणारं ‘ब्लास्ट-अ-बॉल’ 1989 मध्ये आलं. 1991 मध्ये पार्कर ब्रदर्स हॅस्ब्रोच्या ताब्यात गेली, आणि 1992 च्या ‘शार्पशूटर’पासून डार्ट आला. याच काळात नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत काम केलेले लॉनी जॉन्सन ‘सुपर सोकर’ या पाण्याच्या बंदुकीमुळे घरोघरी पोचले होते. डार्ट उडवणाऱ्या यंत्रणेवरचे त्यांचे हक्क नर्फमध्ये वापरले गेले, त्यावरून तंटा झाला, आणि 2013 मध्ये लवादाने त्यांना सुमारे 7 कोटी 30 लाख डॉलर देवविले. खेळण्याच्या धंद्यात किती पैसा फिरतो, याचा अंदाज यायला हा एक आकडा पुरे.

आता टेपकडे परत. अंतर मोजणं सोपं असतं, पण त्यातून कळतं फार थोडं. एलिट डार्टचं वजन साधारण एक ग्रॅम, आणि तो नळीतून सेकंदाला 70 फुटांच्या, म्हणजे 21 मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. हवा नसती तर 45 अंशांत तो 46 मीटर गेला असता. प्रत्यक्षात 75 फुटांचा, म्हणजे सुमारे 23 मीटरचा दावासुद्धा ओढूनताणून गाठला जातो, कारण इतक्या हलक्या फोमला हवा चटकन थांबवते. छातीच्या उंचीवरून सरळ झाडला तर जमिनीवर यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्यात तो दहा मीटरही धड जात नाही. शिवाय गच्चीवरचा वारा, डार्टचं वाकलेलं शेपूट, हाताचा कोन. दोन माणसांनी एकच बंदूक तपासली तर दोन वेगळी उत्तरं यायची, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असायचे.

म्हणून हौशी मंडळी वेगाकडे वळली. वेग नळीच्या तोंडाशीच मोजला की कोन आणि वारा बाद. हा विचार काही नवा नाही. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने 1742 मध्ये बंदुकीच्या गोळीचा वेग लंबकाने मोजण्याची रीत मांडली होती. टांगलेल्या जड लाकडात गोळी घुसवायची, आणि लाकूड किती मागे झुललं त्यावरून वेग काढायचा. आजच्या क्रोनोग्राफमध्ये लाकडाऐवजी प्रकाशाचे दोन संवेदक असतात. डार्ट पहिल्याला ओलांडून दुसऱ्यापर्यंत किती वेळात पोचला, तेवढं यंत्र मोजतं. एअरसॉफ्टच्या (प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या झाडणाऱ्या बंदुकांच्या खेळाच्या) खेळाडूंकडे नळीच्या तोंडाला लावायची छोटी यंत्रं आधीपासून होती, तीच इकडे आली.

यंत्र विकत घ्यायचं नसेल त्यांच्यासाठी एक फुकट उपाय होता, आणि मला तो जास्त आवडतो. बंदुकीशेजारी मायक्रोफोन ठेवायचा, 5 मीटरवर पुठ्ठा उभा करायचा, आणि आवाज ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा. पडद्यावर दोन टोकदार शिखरं दिसतात: ट्रिगरचा खटका आणि पुठ्ठ्यावरचा टप्प. दोन्हींत समजा 0.25 सेकंदाचं अंतर आहे. पुठ्ठ्यावरचा आवाज मायक्रोफोनपर्यंत परत यायला सुमारे 0.015 सेकंद लागतात, ते वजा करायचे. राहिले 0.235. म्हणजे सेकंदाला 21 मीटरच्या थोडं वर, सत्तर फुटांच्या हिशेबात चपखल. वाटेत डार्ट मंदावतो, त्यामुळे हा सरासरी वेग झाला, नळीच्या तोंडाचा नव्हे. पण एकाच पद्धतीने दोन बंदुका तपासायला तेवढं चालतं.

वेगाचा आकडा मैदानावरही लागला. 2005 मध्ये मेरिलँडच्या गाउचर कॉलेजात ‘ह्यूमन्स व्हर्सेस झाँबीज’ हा फोम डार्टच्या बंदुका घेऊन खेळायचा पकडापकडीचा खेळ सुरू झाला आणि अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांत पसरला. स्प्रिंग बदलून बंदूक जोरदार करणारे आले, तशी खेळापूर्वी क्रोनोग्राफवर तपासणी आली. सेकंदाला 130 फूट, 150 फूट, जशी जागा तशी मर्यादा. मग कंपन्याही याच भाषेत बोलू लागल्या. 2020 च्या सुमारास डार्ट झोन या स्पर्धक ब्रँडच्या घरातली ‘नेक्सस प्रो’ थेट 150 फूट प्रति सेकंद असं सांगून विकली गेली. त्याच सुमाराला हॅस्ब्रो मात्र नर्फच्या ‘अल्ट्रा’ मालिकेच्या खोक्यावर 120 फूट अंतर छापत होती, ही मला गंमतच वाटते. अल्ट्राचा डार्ट दुसऱ्या बंदुकीत चालत नाही, आणि लांब गेला तरी कुठे जाईल याचा भरवसा कमी. नेमबाजीत लहान, अर्ध्या लांबीचे डार्ट उजवे ठरले, कारण मागचं हलकं शेपूट कमी असल्यामुळे ते हवेत कमी डुलतात. हॅस्ब्रोनेही 2023 मध्ये ‘स्ट्राइफ एक्स’ ही बंदूक काढून हे डार्ट मान्य केले.

पण 150 च्या बंदुकीवर ‘14 वर्षांवरील’ असं का लिहिलेलं असतं, याचं उत्तर खेळाडूंच्या नाही तर प्रयोगशाळांच्या मोजमापात आहे. खेळण्यांची मानकं वेगावर थांबत नाहीत, डार्टची ऊर्जा बघतात. युरोपच्या ईएन 71 मध्ये आणि अमेरिकेच्या एएसटीएम एफ 963 मध्ये मऊ टोकाच्या डार्टसाठी आदळणाऱ्या क्षेत्रफळामागे ऊर्जा धरतात: चौरस मीटरला 2500 जूल. अर्ध्या इंचाचं टोक पूर्ण टेकलं असं धरलं, तर एक ग्रॅमच्या डार्टला ही मर्यादा सुमारे 0.32 जूलवर येते, म्हणजे सेकंदाला 83 फूट. पोरांच्या बंदुका वर्षानुवर्षं सत्तरच्या आसपास का घुटमळतात, ते इथे कळतं. 150 ला तोच डार्ट एक जूलच्या पुढे जातो. ही मानकं 14 वर्षांखालच्यांच्या खेळण्यांना लागू, म्हणून खोक्यावर ती ओळ.

काळजी उगाच नाही. लंडनच्या मूरफिल्ड्स या डोळ्यांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2017 मध्ये बीएमजे केस रिपोर्ट्स या वैद्यकीय नियतकालिकात अशा डार्टमुळे डोळ्याच्या आत रक्तस्राव झालेल्या तिघांची नोंद दिली. तिघेही बरे झाले, पण डोळे झाकणाऱ्या संरक्षक चष्म्याशिवाय खेळू नका हा सल्ला तेव्हापासून आणखी जोरात दिला जातो.

भारतात 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि यांत्रिक धोक्यांची तपासणी आयएस 9873 या भारतीय मानकानुसार होते. डार्टची ऊर्जा त्यातच येते. जत्रेतल्या आणि फूटपाथवरच्या बिनचिन्हाच्या डार्ट-बंदुका या चाळणीबाहेर राहतात. त्यांचा वेग कुणी मोजलेला नसतो, आणि डार्टचं टोक फोमचं आहे की आत कडक प्लॅस्टिक आहे, ते खोकं फोडल्यावरच दिसतं.