पहिले डीमॅट खाते उघडण्यापूर्वी: ब्रोकरचे ॲप कसे पारखावे

नमस्कार.

आमचे काम प्राप्तिकर विवरणपत्रे भरण्याचे. पण अलीकडे ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या कार्यालयात विवरणपत्राची कागदपत्रे देता देता बरेच जण विचारतात, "शेअर घ्यायला सुरुवात करायची आहे, कुठले ॲप घेऊ?" विचारणाऱ्यांत घोडबंदर रोडला राहणारी, नुकती नोकरीला लागलेली मुले असतात, तसेच वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांतून निवृत्त झालेले काकाही असतात. त्या सगळ्यांसाठी हे पत्रक.

आम्ही कोणत्याही ब्रोकरचे सबब्रोकर नाही आणि खाते उघडून दिल्याबद्दल कुणाकडून कमिशन घेत नाही. आम्ही सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी केलेले गुंतवणूक सल्लागारही नाही. त्यामुळे कुठला शेअर घ्यावा, हे आम्ही सांगत नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की ॲप पारखायचे ते बाहेर पडण्याच्या बाजूने. पॅन, बँकेचा तपशील आणि आधारला जोडलेला मोबाइल हाताशी असला की खाते उघडायला आता कुठेच त्रास पडत नाही. दोन ॲपमधला खरा फरक कळतो तो शेअर विकताना, पैसे बँकेत परत आणताना, बाजार चालू असताना ॲप अडकल्यावर आणि जुलैत आम्ही हिशेब मागितल्यावर.

शेअर ठेवलेले कुठे असतात?

ॲप ब्रोकरचे असते, पण शेअर डिपॉझिटरीत, म्हणजे ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सांभाळणाऱ्या संस्थेत, तुमच्या नावावर असतात. देशात अशा दोन डिपॉझिटरी आहेत: १९९६ पासूनची एनएसडीएल आणि १९९९ पासूनची सीडीएसएल. खाते उघडले की १६ अंकी-अक्षरी डीमॅट क्रमांक मिळतो. सीडीएसएलचा क्रमांक सगळा अंकांचा असतो, एनएसडीएलचा 'आयएन' या अक्षरांनी सुरू होतो. हा क्रमांक वहीत लिहून ठेवा. डिपॉझिटरीकडून ईमेलवर येणारे एकत्रित विवरण, म्हणजे कॅस, दर वेळी उघडून बघा. ॲपमध्ये दिसणारा साठा आणि कॅसमधला साठा जुळलाच पाहिजे.

हा आग्रह उगाच नाही. २०१९ मध्ये हैदराबादच्या कार्वी या मोठ्या ब्रोकरने ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण ठेवून कर्जे उचलल्याचे उघडकीला आले आणि सेबीला कारवाई करावी लागली. मुखत्यारपत्रावर सही दिलेली असल्याने अनेकांना काही कळलेच नव्हते. त्यानंतर नियम कडक झाले. आता शेअर गहाण ठेवायला तुमच्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. मुखत्यारपत्राच्या जागी डीडीपीआय नावाचे मर्यादित अधिकारपत्र आले आहे आणि तेही ऐच्छिक आहे. ते दिले नाही, तर शेअर विकताना टीपिन (डिपॉझिटरीकडून मिळणारा गुप्त क्रमांक) आणि ओटीपी टाकावा लागतो. नव्या माणसाने सुरुवातीला डीडीपीआय देऊच नये, असे आमचे मत आहे. विकताना दोन मिनिटे जास्त जातील, पण विक्री तुमच्या हातून झाली, याची खात्री राहील.

खर्च: दलालीचा आकडा पुरेसा नाही

'झिरो ब्रोकरेज' वाचून खाते उघडू नका. ते कशावर शून्य आहे ते बघा: डिलिव्हरीवर (म्हणजे शेअर घेऊन डीमॅटमध्ये ठेवण्यावर) की फक्त पहिल्या काही दिवसांसाठी? सरकारी आकार सगळीकडे सारखेच: डिलिव्हरीत खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्का एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क, आणि दलालीवर १८ टक्के जीएसटी. ब्रोकरप्रमाणे बदलते ती दलाली, वार्षिक देखभाल शुल्क आणि डीपी चार्ज. डीपी चार्ज शेअर विकल्यावर लागतो. एका कंपनीचा एक शेअर विका की शंभर, त्या दिवसापुरती रक्कम तीच.

समजा दर ऑर्डरला सरसकट २० रुपये दलाली आहे आणि डीपी चार्ज १५ रुपये अधिक जीएसटी आहे. तुम्ही २,००० रुपयांचे शेअर घेतले आणि पुढे त्याच भावाला विकले. खरेदीला साधारण २६ रुपये गेले, विक्रीला ४३. म्हणजे शेअर साडेतीन टक्के वर गेला, तरच तुमचे मुद्दल सुटले. तोच व्यवहार २०,००० रुपयांचा असेल, तर खर्च साधारण १०८ रुपये, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या जरासा वर. दरमहा थोडे थोडे शेअर घेणाऱ्याने म्हणून किमान दलाली किती, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा. बहुतेक ब्रोकरांच्या वेबसाइटवर आकारणीचा कॅल्क्युलेटर असतो. त्यात तुमची खरी रक्कम घालून बघा.

देखभाल शुल्काबाबत एक सवलत फार थोड्यांना माहीत असते. बीएसडीए, म्हणजे मूलभूत सेवांच्या, डीमॅट खात्यात साठ्याची किंमत ४ लाख रुपयांपर्यंत असेल, तर वार्षिक शुल्क शून्य आहे, आणि ४ ते १० लाखांपर्यंत १०० रुपये. अट अशी, की तुमच्या पॅनवर पहिले नाव तुमचे असलेले डीमॅट खाते एकच हवे. मित्रांच्या रेफरल कोडवर दोन-तीन खाती उघडली की ही सवलत गेली.

ॲप तुम्हाला कुठे ओढते?

आम्हाला सगळ्यात जास्त काळजी या भागाची वाटते. खरेदीचा पडदा उघडा आणि कुठला पर्याय आधीच निवडलेला आहे ते बघा. तिथे 'डिलिव्हरी' हवे. 'इंट्राडे' असेल, तर घेतलेला शेअर त्याच दिवशी विकला जाईल. 'एमटीएफ' असेल, तर उरलेली रक्कम ब्रोकर तुम्हाला उधार देतो आणि त्यावर रोजचे व्याज चढते. पैसे कमी दिसतात म्हणून चुकून एमटीएफ दाबणारे बरेच असतात.

खाते उघडताना फ्युचर्स-ऑप्शन्सच्या (म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर होणाऱ्या करारांच्या) चौकटीवर खूण करू नका. त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा मागतात. साध्या शेअर खरेदीला तो लागत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या. इंट्राडेत २०२२-२३ मध्ये १० पैकी ७ जण तोट्यात होते. जे ॲप तुम्हाला दिवसभर 'टॉप गेनर' आणि ऑप्शनच्या सूचना पाठवते, त्याचे उत्पन्न तुमच्या व्यवहारांच्या संख्येवर आहे, हे लक्षात असू द्या.

ॲप अडकले तर

बाजार सव्वानऊला उघडतो, तेव्हा आपल्यापैकी निम्मे जण लोकलमध्ये असतात. फोनवरून ऑर्डर देण्याची सोय आहे का, त्याचे किती पडतात, मराठीत किंवा हिंदीत माणूस बोलतो का, हे खाते उघडण्याआधीच एकदा फोन करून अजमावा. ब्रोकरला दरमहा आलेल्या आणि सुटलेल्या तक्रारींचे आकडे स्वतःच्या वेबसाइटवर द्यावे लागतात, तेही वाचा. ब्रोकरने दाद दिली नाही, तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करता येते. सेबीचा मोफत क्रमांक १८०० २२ ७५७५ आहे.

खोटी ॲप

व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या लिंकवरून कुठलेही ट्रेडिंग ॲप उतरवू नका. ठाणे आणि नवी मुंबईच्या सायबर पोलिसांकडे अशा फसवणुकीच्या तक्रारी सतत येतात. त्या ॲपमध्ये नफा रोज वाढताना दिसतो; पैसे काढायला गेले की आधी 'कर' भरायला सांगतात. खरा ब्रोकर व्यक्तीच्या नावावरच्या बँक खात्यात पैसे मागत नाही. ब्रोकरचे नाव आणि नोंदणी क्रमांक सेबीच्या वेबसाइटवर तपासा, पैसे पाठवण्याआधी 'सेबी चेक'वर यूपीआय किंवा खाते क्रमांक पडताळा. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

आमच्याकडे येणारा हिशेब

१२ महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के कर आहे. त्यानंतर विकल्यास वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आणि वरच्या रकमेवर साडेबारा टक्के. इंट्राडेचा एकच व्यवहार केला, तरी ते सट्टा व्यवसायाचे उत्पन्न ठरते आणि पगारदाराचे साधे विवरणपत्र जाऊन आयटीआर-३ भरावे लागते. म्हणून ॲपमध्ये आर्थिक वर्षाचा 'टॅक्स पी अँड एल' (करासाठीचा नफा-तोट्याचा हिशेब) एक्सेलमध्ये मिळतो का, ते बघा. एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे शेअर हलवले, तर खरेदीची किंमत सोबत जात नाही. जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट (व्यवहाराच्या ब्रोकरकडून येणाऱ्या पावत्या) जपून ठेवा.

खाते उघडले, नॉमिनीचे नाव नोंदवले, की मोठी रक्कम घालण्याआधी एक छोटी फेरी करा. एखाद्या कंपनीचा एकच शेअर डिलिव्हरीत घ्या. लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी तो डीमॅटमध्ये आला का ते बघा. मग विका, आलेले पैसे बँकेत काढा, आणि कॉन्ट्रॅक्ट नोटमधला प्रत्येक आकार वाचा. यातली कुठलीही पायरी कळली नाही, तर ती नोट घेऊन कार्यालयात या. समजावून सांगण्याचे आम्ही पैसे घेत नाही.