पहिली मैफल: गंड्यापासून स्नेहभोजनापर्यंत

वर गणपती, खाली ‘आमची कन्या चि. …’, मग ‘पहिली मैफल’, आणि तळाला ठळक टायपात ‘कार्यक्रमानंतर स्नेहभोजन’. पुण्यात अशी पत्रिका हातात पडली, की मुंजीची चौकट उचलून मजकूर बदललाय हे ओळखू येतं. घरानं भरवलेली, पाहुण्यांना जेवू घालणारी ही पहिली मैफल हिंदुस्थानी संगीतात तशी अलीकडची. तिचे धागे तीन ठिकाणांहून आले आहेत.

घराणेदार तालमीत सोहळा असे, पण तो उलट्या टोकाला. शिकायला बसताना गंडा बांधायचा: गुरू शिष्याच्या मनगटाला दोरा बांधणार, तोंडात गूळ-चणे घालणार, शिष्य दक्षिणा ठेवणार. पुढं कितीतरी वर्षं मागे बसून तानपुरा छेडायचा. गुरूनं गाता गाता मान वळवून खूण केली, की एखादी आलापी भरायची आणि पुन्हा गप्प. त्यामुळे ‘पहिल्यांदा कधी गायलास?’ या प्रश्नाला तारीखच नसे.

तारीख आली ती संस्थांबरोबर, आणि हा पहिला धागा. 1874 मध्ये पुण्यात गायन समाज निघाला. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, भास्करबुवा बखल्यांनी 1911 मध्ये पुण्यात भारत गायन समाजाचा पाया घातला आणि पलुसकरांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांनी 1932 मध्ये पुण्यातलं गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. गाणं तुकडीत बसून, पाटी-पुस्तकासारखं शिकता येऊ लागलं आणि मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना त्याची दारं उघडली. 1931 मध्ये स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांनी वाटेवर मैलाचे दगड रोवले: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. ‘मध्यमा झाली’ हे आजी शेजारणीला सांगू शकते. ‘यमन राग बसला’ हे नाही.

दुसरा धागा मेळ्यांचा. पेठांतल्या पोरांना चार लोकांपुढं उभं राहायची सवय लावली ती गणेशोत्सवात गाणाऱ्या या पथकांनी. एकाच रंगाचे फेटे, एकच सूर, चूक झाली तर शेजारच्याच्या आवाजात बुडून जायची सोय. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात अजून थोडीफार तीच सोय असते: प्रत्येकाला दहा मिनिटं, पुढं आईबाप, पाठीशी सहाध्यायी.

तिसरा धागा दक्षिणेचा, आणि पत्रिका-जेवण-सत्कार हा थाट मुख्यतः तिथून आला असं आमचं मत आहे. अरंगेट्रम म्हणजे रंगमंचावर चढणं. ‘शिलप्पदिकारम्’ या जुन्या तमिळ महाकाव्यात नर्तकी माधवी पाचव्या वर्षी शिकायला लागते आणि सात वर्षांच्या तालमीनंतर, बाराव्या वर्षी, चोळ राजापुढं नाचते, त्यासाठी बांधलेल्या रंगमंचाची मापंसुद्धा काव्यात आहेत. भरतनाट्यमच्या वर्गांबरोबर ही रीत पुण्यात आली, कथकवाल्यांनी तिला मंचप्रवेश म्हटलं, आणि गाणाऱ्या मुलांच्या पालकांना वाटलं, आपलंही असं काही हवं.

गुरूची शिस्त, परीक्षेचा अभ्यासक्रम आणि घरचं कार्य या तिघांचं एकमेकांशी जमत नाही ते नेमकं कार्यक्रमाच्या दिवशी. सगळ्यात आधी राग अडतो. सभागृह स्वस्तात मिळतं रविवारी सकाळी, आणि मुलीचा तयार असतो भूप नाही तर यमन, दोन्ही संध्याकाळचे. परीक्षेच्या खोलीत रागाची वेळ कुणी पाहत नाही, मैफलीत श्रोते पाहतात. म्हणून हॉलचे पैसे भरण्याआधी गुरूंना विचारावं. दहाची वेळ असेल तर अल्हैया बिलावल, अकराच्या पुढं वृंदावनी सारंग; दोन्ही बसायला निदान तीन महिने हातात हवेत.

दुसरी अडचण पट्टीची, म्हणजे पेटीची कुठली पट्टी ‘सा’ धरायची याची. दहा-बारा वर्षांच्या मुलीचा सूर बहुधा काळी चार किंवा काळी पाच. पुरुष गायकांसोबत वाजणारा काळी एकचा तबला तिथवर उतरवायला गेलं, तर पुडी (तबल्याचं कातडं) सैल पडते आणि नाद जातो. सहा-सव्वासहा इंच तोंडाचा तबला लागतो. तो तबलजींकडं आहे का, हे सुपारी देतानाच विचारायचं. एसी सभागृहात कोरड्या गार हवेनं पुडी ताणली जाते आणि घरून लावून आणलेल्या तबल्याचा सूर चढतो. वाद्यं अर्धा तास आधी मंचावर उघडून ठेवावीत आणि मग मिळवावीत. मिरजेचा तानपुरा असेल तर जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली सरकवलेला) जागचा हललेला नाही ना, तेही तेव्हाच पाहावं. रागात पंचम (प) नसेल, उदाहरणार्थ मालकंस, तर पहिली तार मध्यमात (म) लावायची. घाईत हे हमखास विसरतं.

गाणं चाळीस-पंचेचाळीस मिनिटं पुरे. वीस-पंचवीस मिनिटं संथ लयीतला बडा ख्याल, दहा मिनिटं द्रुत, म्हणजे जलद लयीतला छोटा ख्याल किंवा तराणा, मग एखादं नाट्यपद नाही तर अभंग, आणि भैरवी. तास भरायचाच म्हणून तिसरा राग घातला, की त्यातच आवाज बसतो. मुलं उत्साहात द्रुतची लय चढी धरतात, मग तानेला दम पुरत नाही आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हुकते. त्यावर उपाय एकच: तबला आणि पेटी, दोन्ही साथीदारांबरोबर किमान दोन तालमी, आणि लय गुरूंनी टाळी देऊन तबलजींच्या कानात बसवायची.

नासाडी होते ती मात्र भाषणांनी. दीपप्रज्वलन, मामांचे दोन शब्द, लहानपणचे फोटो. वीस मिनिटं मूल मांडी घालून बसलेलं, मगाशी तापवलेला गळा थंड. हे सगळं गाण्यानंतर. आधी फक्त गुरूंना आणि साथीदारांना नमस्कार, आणि समोर कुणी बुजुर्ग बसले असतील तर त्यांची परवानगी. बटाटेवड्याचा घाणा भैरवी संपेपर्यंत लावू नये: वासानं मागच्या दोन रांगा उठतात, आणि मंचावरून ते स्पष्ट दिसतं. साथीदारांची पाकिटं बाबांनी आधीच खिशात तयार ठेवावीत. पंगतीच्या गडबडीत ती राहून गेली, तर पुढच्या वेळी त्याच तबलजींची तारीख मिळत नाही.