क्लोरोफॉर्मच्या रुमालाची गोष्ट

'राजवाड्याच्या गर्दीत कुणी अत्तर हुंगायला रुमाल पुढे केला तर सावध! क्लोरोफॉर्म असतो, एका श्वासात माणूस बेशुद्ध.' इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर हा निरोप अधूनमधून फिरतोच. पाठवणाऱ्याला काळजी असते, हे खरं. पण हे रसायन असं वागत नाही.

शस्त्रक्रियेत त्याचा वापर १८४७ पासून सुरू झाला. तेव्हाही गुंगी एका श्वासात येत नसे. काही मिनिटं सलग वाफ हुंगावी लागे. शिवाय गुंगी टिकवायला भूल देणारा रुग्णाच्या नाकातोंडावरच्या जाळीवर क्लोरोफॉर्म थेंब थेंब सोडत बसे. हात थांबला की थोड्या वेळात रुग्ण जागा व्हायला लागे. गर्दीत एवढा वेळ कोण कुणाच्या नाकाशी रुमाल धरून उभं राहील?

पण म्हणून क्लोरोफॉर्म निरुपद्रवी ठरत नाही, उलटच आहे. हृदयाची लय अचानक बिघडू शकते. १८४८ मध्ये इंग्लंडात पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्म दिल्यावर एक पंधरा वर्षांची मुलगी दगावली. यकृतालाही इजा होते. उजेड आणि हवा लागली की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, म्हणून ते गडद तपकिरी बाटलीत, किंचित अल्कोहोल मिसळून ठेवतात.

पडताळायचं असेल तर हुंगून मुळीच पाहू नका. घरातल्या एमएस्सी करणाऱ्या भाचीला विचारा, प्रयोगशाळेत ही बाटली उघडल्यावर किती जण कोसळले? किंवा भूलशास्त्राचं जुनं पाठ्यपुस्तक उघडा.