शंभराने भागायचं कुणी ठरवलं?

नाशिककडच्या द्राक्ष बागायतदाराला 'एमआरएल' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा तो शब्द गावोगावी पोचला. एमआरएल ही मालात राहिलेल्या अंशाची मर्यादा. पण तेवढा अंश खाणाऱ्याला बाधेल का, हे ज्या आकड्याशी ताडून बघतात त्याचं नाव एडीआय: आयुष्यभर रोज पोटात गेलं तरी अपाय होऊ नये एवढं रसायन, शरीराच्या दर किलो वजनामागे.

सुरुवातीला हे थेट माणसांवरच तपासलं गेलं. १९०२ साली अमेरिकी कृषी खात्याच्या हार्वी वायली यांनी वॉशिंग्टनमध्ये बारा तरुणांची पंगत बसवली आणि त्यांना जेवणातून टाकणखार दिला, कारण तो तेव्हा अन्न टिकवायला सर्रास वापरत. टाकणखार लोण्यात आहे हे कळल्यावर पोरं लोणी टाळू लागली; मग तो कॅप्सूलमधून देण्यात आला. भूक मेली, डोकी दुखू लागली.

पुढे उंदीर आले. वेगवेगळ्या गटांना चढते डोस द्यायचे आणि ज्या सर्वांत मोठ्या डोसला काहीही बिघडलेलं दिसत नाही तो धरायचा. पण उंदराचा डोस माणसाला कसा लावणार? १९५४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएतले, म्हणजे अन्न व औषध प्रशासनातले, लेहमन आणि फिट्झह्यू यांनी सुचवलं की त्याला शंभराने भागावं. माणूस उंदरापेक्षा दहापट नाजूक असू शकतो आणि माणसामाणसांतही दहापट फरक असू शकतो, असा त्याचा हिशेब पुढे रूढ झाला. हा शंभर कुठल्या एका प्रयोगातून मोजून काढलेला नव्हता. तो अनुभवी माणसांचा अंदाज होता, आणि ही काटेकोर मोजपट्टी नव्हे हे त्या दोघांनीच लिहून ठेवलं होतं. हे लक्षात ठेवायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

फ्रेंच विषशास्त्रज्ञ रने त्र्युओ यांनी एडीआयची कल्पना लावून धरली आणि १९६१ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समित्यांनी ती स्वीकारली.

आता एक हिशेब घरी करून बघा. साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅस्पार्टेमचा एडीआय किलोमागे ४० मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला २४०० मिलिग्रॅम चालतं. पंधरा किलोच्या पोराला फक्त ६००. डाएट शीतपेयाच्या एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम असू शकतं, म्हणजे दोन-तीन कॅनमध्येच त्या पोराची मर्यादा संपते. लहान मुलांसाठी वेगळी काळजी घ्यावी म्हणून अमेरिकेने १९९६ च्या कायद्यात कीटकनाशकांसाठी आणखी दहाने भागायची तरतूद केली.

आकडा कितीही ठाम दिसला, तरी नवा पुरावा आला की तो हलतो. प्लास्टिकच्या बाटल्यांतल्या आणि डब्यांच्या आतल्या लेपातल्या बिस्फेनॉल ए या रसायनासाठी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये किलोमागे ४ मायक्रोग्रॅम ही तात्पुरती मर्यादा ठेवली होती. २०२३ मध्ये ती ०.२ नॅनोग्रॅमवर (नॅनोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग) आली, वीस हजार पटींनी कमी. त्याच वर्षी जर्मनीच्या सरकारी संस्थेने मात्र २०० नॅनोग्रॅम पुरेसे आहेत असं मत दिलं. दोन संस्थांत हजार पटींचा फरक होता, आणि तो मिटलेला नसतानाच डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बिस्फेनॉल ए वापरण्यावर बंदी आणली.